वयाची अट

आपल्या मंडळाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला गावाच्या इतिहासावर काही लिहून देण्यास सांगितले. मुळशीचा सत्याग्रह, सेनापती बापट, धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी लिहिले आहे. तेव्हा काय लिहावे या विचारात मी होते. अशात एके दिवशी माझ्या नातवाने सुनेच्या स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढली. त्याला पौडला शिकवणीला जावयाचे होते. तो पंधरा वर्षांचा आहे, पण उंचीने बापाच्या कानाला लागला आहे. मी किल्ली काढून घेतली व म्हटले, “अठरा पूर्ण झाल्याशिवाय या गाडीला हात लावायचा नाही.” तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “पण आजी, अठराच का? हा आकडा कोणी ठरवला?”

मी पस्तीसहून अधिक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. मुलाच्या प्रश्नाला “मोठे झाल्यावर कळेल” असे उत्तर देणे माझ्या जिवावर येते. म्हणून जुनी पुस्तके काढली, पुण्याच्या दोन खेपा केल्या, आणि जे हाती लागले ते इथे मांडते आहे. भगिनींनो, या आकड्यांच्या इतिहासात आपल्या आज्या-पणज्यांचा जीव अडकलेला आहे, हे मला हे सारे वाचीपर्यंत ठाऊक नव्हते.

अठराचा आकडा १८७५ सालच्या कायद्यात येतो. माणूस सज्ञान केव्हा झाला म्हणावे, म्हणजे त्याने केलेला व्यवहार केव्हापासून पक्का धरावा, यासाठी सरकारने तो कायदा केला. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा जाणता होई, इंग्रजांच्या देशात एकवीस लागत. सरकारने दोहोंच्या मधला आकडा धरला. यात कोणी मुलांची बुद्धी मोजून पाहिली होती असे मला तरी कोठे आढळले नाही. पण त्या कायद्यातील मौजेची, खरे म्हणजे दुःखाची, गोष्ट अशी की लग्न, काडीमोड व दत्तक या बाबतींत हा कायदा लागू नाही असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला गाईचा व्यवहार स्वतःच्या सहीने पक्का करता येत नसे. पण सात वर्षांच्या मुलीचे लग्न मात्र पक्के! आणि तेही तिची सही नसताना.

लग्नाला वयाची अट नव्हती. होती ती एकच, आणि ती १८६० च्या दंडविधानात होती. दहा वर्षांच्या आतील पत्नीशी नवऱ्याने संबंध ठेवला तर तो गुन्हा. दहा वर्षे! आपल्याकडची दहा वर्षांची मुलगी चौथी-पाचवीत असते. १८८९ साली कलकत्त्याकडे फुलमणी दासी नावाची एक मुलगी नवऱ्याच्या हातून अशीच मेली. तिचे वय दहाच्या वर, अकराच्या सुमारास होते. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, पुरता संसारी वयाचा माणूस. मुलगी दहाच्या पुढे गेलेली असल्याने मोठा गुन्हा त्याला लागूच झाला नाही, आणि तो एक वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. त्यानंतर पन्नासाहून अधिक स्त्री डॉक्टरांनी मिळून सरकारकडे अर्ज केला आणि त्यांनी आपल्या दवाखान्यांतून डोळ्यांनी पाहिलेल्या अशा मुलींची हकीकत त्यात दिली. वाचवत नाही.

मग दहाचे बारा करणारे बिल आले. १८९१ च्या जानेवारीत ते मांडले गेले व १९ मार्चला मंजूर झाले. हेच आपल्याकडे संमतिवयाचे बिल म्हणून गाजले. त्या दोन-अडीच महिन्यांत पुण्यात जे रण माजले तसे क्वचितच माजले असेल. एका बाजूला न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आणि ‘सुधारक’कर्ते आगरकर, दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळक आणि ‘केसरी’. भांडारकरांनी तर शास्त्राचेच आधार काढून दाखवले की मुलगी मोठी झाल्यावर लग्न केले म्हणून धर्म बुडत नाही. आगरकरांची तर लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. ती स्वतःच्या घरावरून जाताना त्यांनी पाहिली, असे सांगतात.

टिळकांविषयी इथे दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण या प्रकरणात त्यांना सरसकट नावे ठेवण्याची हल्ली रीत पडली आहे. त्यांचे म्हणणे लहान मुलींची लग्ने व्हावीत असे नव्हते. १८९० साली त्यांनी स्वतःच अशी सूचना मांडली होती की मुलीचे लग्न सोळाच्या आत व मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीपुढच्या पुरुषाने लग्न केलेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, आणि सुधारणा बोलणाऱ्यांनी आधी हे स्वतः पाळावे. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, समाजाने आपण होऊन सुधारावे, हा त्यांचा मुद्दा. ऐकायला चांगला वाटतो. पण समाज आपण होऊन सोळापर्यंत केव्हा येणार, आणि तोपर्यंत अकरा वर्षांच्या मुलीने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय या सर्व वादात बोलणारे पुरुष आणि ज्यांच्याविषयी बोलणे चालले त्या मुली, हे चित्र डोळ्यांपुढे येते व हसावे की रडावे कळत नाही. सुधारकांचीही घरे पाहावीत. रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर १८७३ साली दुसरे लग्न केले ते अकरा वर्षांच्या मुलीशी, स्वतः एकतीस वर्षांचे असताना. त्याच पुढे सेवासदनाच्या रमाबाई झाल्या, हे त्या बाईंचे कर्तृत्व. आणि आनंदीबाई जोश्यांचे लग्न नवव्या वर्षी, पहिले मूल चौदाव्या वर्षी झाले व दहा दिवसांत गेले. त्या मुलाच्या जाण्यातून डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली, असे आपण शाळेत शिकवतो. परंतु ते मूल का गेले, हे शिकवत नाही.

एक मुलगी मात्र स्वतः बोलली. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी झाले होते. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकल्या, आणि पुढे नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावला तेव्हा त्यांनी जाण्यास नकार दिला. ज्या वयात मला कळतच नव्हते त्या वयात झालेले लग्न माझ्यावर बांधील कसे, हा त्यांचा सवाल. १८८५ साली पहिल्या न्यायाधीशाने दावा फेटाळला. पुढे अपील झाले, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला की एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करीन! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर नवऱ्याने हक्क सोडला. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली, आणि १९५५ साली नव्वदाव्या वर्षी वारल्या. म्हणजे माझ्या जन्माच्या सालापर्यंत त्या हयात होत्या. इतकी ही गोष्ट जवळची आहे.

आता आपल्या मुलखाकडे येते. माझी आजी, वडिलांची आई, इथल्याच खोऱ्यातली. तिचा जन्म “सत्याग्रहाच्या साली” झाला असे ती सांगे. मुळशीचा सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीस सुरू झाला, तेव्हा ते साल धरावे. लग्न कधी झाले, असे विचारले की म्हणे, “शारदेची धाड आली तवा.” लहानपणी मला वाटे, कोणी दरोडेखोरीण असावी. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला.

अजमेरचे हरबिलास सारडा यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बालविवाहाविरुद्ध बिल आणले. मूळ मसुद्यात मुलीला बारा वर्षे होती, ती वाढून चौदा झाली, आणि मुलाला अठरा. मध्यंतरी सरकारने अमरावतीचे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने देशभर फिरून साक्षी घेतल्या. बायकाही आता गप्प नव्हत्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यातच भरले होते, आणि बालविवाहबंदीसाठी या परिषदेने पुढे जोराची खटपट केली. कायदा १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झाला. सारडांचा तो सारडा कायदा. पण आपल्याकडे देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ पासून रंगभूमीवर होते, त्यात थेरड्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी सर्वांच्या परिचयाची, म्हणून मराठीत त्याचा शारदा कायदा झाला. अजमेरच्या गृहस्थांचे आडनाव जाऊन नाटकातल्या मुलीचे नाव कायद्याला मिळाले, हे मला तर न्यायाचेच वाटते.

पण कायदा लागू व्हावयाचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधले सहा महिने मोकळे! तुळशीचे लग्न झाले आणि देशभर लहान मुलांच्या लग्नांची एकच झुंबड उडाली. जे दोन-चार वर्षांनी करावयाचे ते आताच उरका, पुढे सरकार करू देणार नाही, अशी आवई उठली. पुढच्या वर्षीच्या, १९३१ च्या, खानेसुमारीत लग्न झालेल्या मुलांची संख्या वाढलेली दिसली ती यामुळेच. माझी आजी त्या झुंबडीत सापडली. वय आठ-नऊ. तिच्या आईबापाचा विचार आणखी दोन वर्षे थांबण्याचा होता, पण धरणात जमीन गेलेली, हाताशी पैसा नाही, आणि एकाच मांडवात तीन बहिणींची लग्ने उरकली तर खर्च एकच. जो कायदा तिला वाचवावयाचा म्हणून केला, त्याच कायद्याच्या भीतीने तिचे लग्न लवकर झाले. “मांडवात झोप लागली व्हती मला,” असे ती हसून सांगे. तिला हसू येई, याचेच मला पुढे पुढे वाईट वाटू लागले.

कायदा लागू झाल्यावरही त्याला दात नव्हते. पोलिसांना आपण होऊन हात घालता येत नसे. कोणी तरी कोर्टात फिर्याद करावयाची, तीही वर्षाच्या आत, आणि फिर्याद करणाराकडूनच शंभर रुपयांपर्यंत जामीन घेण्याची मुभा होती. १९३० साली शंभर रुपये घेऊन शेजाऱ्याच्या मुलीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आणि झालेले लग्न कायम राहावयाचे ते राहावयाचेच. मुलीचे वय १९४९ साली पंधरा झाले, १९७८ साली अठरा, व मुलाचे एकवीस. गंमत पाहा, १९३९ साली मोटारींचा कायदा झाला त्यात मोटार चालविणाऱ्यास अठरा वर्षांची अट होती. त्या वेळी मोटार हाकायला अठरा लागत आणि संसार हाकायला मुलीला चौदा पुरत! संमतिवयाचे म्हणाल तर पत्नीच्या बाबतीत दहाचा आकडा अठरापर्यंत आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने. १८६० पासून मोजले तर एकशे सत्तावन्न वर्षे लागली.

परंतु आकडा कायद्याने ठरवला तरी वय कोणाला ठाऊक होते? हा प्रश्न बाकी पुस्तकांत फारसा नाही, पण आपल्या खेड्यांत तोच खरा. आपल्याकडे वय सांगावयाचे ते सत्याग्रहाचे साल, धरण भरले तो पावसाळा, पानशेत फुटले ते साल, बहात्तरचा दुष्काळ असे. पाटलाकडे नोंदवही असे, पण तिच्यात नोंद करावयास जातो कोण. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१–५२ साली, तर देशात सुमारे अठ्ठावीस लक्ष बायकांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही, “अमक्याची आई”, “तमक्याची बायको” एवढेच सांगितले. ते मुख्यतः उत्तरेकडे झाले. आमच्या आजीने नाव सांगितले, पण वय विचारल्यावर म्हणाली, “धरणाच्या आधीची.” लिहिणाऱ्याने चेहरा पाहून काहीतरी घातले. तेव्हा मताला एकवीस लागत. ती तिशीची होती, दिसे चाळिशीची.

पुढे हे वय ठरविण्याचे काम आमच्याकडे, म्हणजे मास्तर व बाईंकडे आले. पद्धत सर्वांना ठाऊक आहे. जून महिन्यात मूल समोर उभे करावयाचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगावयाचे. हात कानाला पोचला की सहा वर्षे पूर्ण! जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे किती असतील याची गणतीच नाही. माझीही तारीख तीच. १ जून १९५५. त्यामुळे ३१ मे रोजी आमच्या खात्यात निवृत्तीच्या निरोपसमारंभांची जत्रा असे आणि हारांचे भाव चढत. हे सांगताना हसू येते. पण या तारखेने एकदा माझ्या हातून जे झाले ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

१९७७ च्या जूनमध्ये एक मुलगी मोठ्या बहिणीचा हात धरून शाळेत आली. पट कमी पडत होता. वरिष्ठांचे तगादे चालू होते. मुलगी हाडापेराने लांब, हात सहज कानाला गेला. मी लिहिले, १ जून १९७१. तिची आई दारातून म्हणाली, “बाई, ही तर दुष्काळातल्या दसऱ्याची हाय.” म्हणजे १९७२ चा ऑक्टोबर. खरे वय चार वर्षे आठ महिने. मी म्हटले, असू दे, लवकर शिकेल. मुलगी हुशार निघाली, सातवी झाली, पुढे शाळा दूर म्हणून घरी बसली. १९८९ च्या मे महिन्यात तिचे वडील दाखला मागावयास आले. “बाई, कागदावर अठरा पूर्ण होत्यात न्हवं १ जूनला?” होत होती. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात धरले होते. त्यांनी कायदा मोडला नाही, उलट कायदा पाळावा म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी दाखला लिहून दिला, सही केली. दसरा मला आठवत होता. सोळा वर्षे सात महिन्यांच्या मुलीला अठरा करून मी तिच्या बापाच्या हातात दिली. मी तेव्हा काही बोलले असते तर लग्न थांबले असते की नाही, कोण जाणे. मी बोलले नाही, एवढे खरे.

त्याच वर्षी मार्च महिन्यात घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मताचे वय एकवीसवरून अठरावर आले होते. त्याच दाखल्यावर पुढे तिचे नाव सासरच्या यादीत लागले. मोटारींचा नवा कायदाही त्याच साली १ जुलैपासून लागू झाला. एकाच वर्षात कागदावर ती सज्ञान आणि सून झाली. पुढल्या साली पहिल्या बाळंतपणात तिला पुण्याला हलवावे लागले. ती वाचली, मूल हाती लागले नाही.

ती मला पुन्हा भेटली ती १९९७ साली. दुसऱ्या मुलीला घेऊन शाळेत आली होती. मी सवयीने पोरीला जवळ बोलावले. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला दवाखान्याचा जन्मदाखला काढला, माझ्या टेबलावर ठेवला व म्हणाली, “बाई, ही तारीख लिवा. कान धरायला लावू नका.” मी तारीख लिहिली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कोणाही मुलाला कान धरावयास लावला नाही, जन्माची नोंद आणा म्हणून आयांना दोन-दोन खेपा घालावयास लावल्या, व त्यांच्या शिव्याही खाल्ल्या.

आता कायदा पुष्कळ कडक आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा व एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या राज्यात खेड्यात याचा अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच, आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही फोन करता येतो. असे लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येते. रखमाबाईंनी जे मागितले ते एकशे वीस वर्षांनी कायद्यात आले. मुलीचे वयही मुलाप्रमाणे एकवीस करावे असे बिल २०२१ च्या डिसेंबरात आले होते, ते २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली त्याबरोबर बारगळले. माझे मत विचाराल तर आधी अठरा तरी खरे अठरा असावेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी या सर्वांसाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा धरला जाईल. कान धरण्याची विद्या आता कायमची गेली.

राहिला नातवाचा प्रश्न. गाडीच्या बाबतीत त्याने मला पेचात धरले होते, कारण त्याचे म्हणणे असे की गिअर नसलेल्या गाडीला सोळा चालतात. ही समजूत घरोघर आहे आणि ती अर्धीच खरी आहे. १९८८ च्या कायद्यात पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. तेव्हा आपल्याकडे लुना होती, नगरला बनणारी, पायडल मारून चालू होणारी, पन्नास सी.सी.ची. भाजीची पिशवी पुढे अडकवून तीवरून कितीतरी बायका हिंडत. आजच्या स्कूटर एकशे दहा, एकशे पंचवीस सी.सी.च्या आहेत. त्यांना गिअर नाही हे खरे, पण त्यांना अठराच लागतात. कमी शक्तीच्या, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतील विजेच्या सायकली सोडल्या तर सोळा वर्षांच्या मुलाला चालवता येईल अशी गाडी आज दुकानात शोधूनच काढावी लागेल.

आणि भगिनींनो, इथे एक गोष्ट आपल्याच गळ्याशी येणारी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा असा आहे की अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्या घरोघरच्या स्कूटर कोणाच्या नावावर आहेत ते पाहा. आमच्या घरची सुनेच्या नावावर आहे. १९२९ च्या कायद्यात बालविवाहाबद्दल बाईला कैदेची शिक्षा देऊ नये असे कलम होते, २००६ च्या कायद्यातही आहे. गाडीच्या कायद्यात तशी सवलत नाही.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले, हे सर्वांनी वाचले आहे. अठराच्या आत मोटार, आणि त्याआधी मद्य, ज्याला आपल्या राज्यात बिअरसाठी एकवीस व इतर दारूसाठी पंचवीस वर्षे लागतात. दोन्ही अटी मोडलेल्या. त्याच दिवशी जामीन, तोही तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. मग लोक खवळले आणि त्याला प्रौढ समजून खटला चालवावा अशी मागणी झाली. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरामधल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी तसे करता येते. पोलिसांचा तसा अर्ज बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये नाकारला. मला त्या मुलापेक्षा ज्याने किल्ली दिली त्याची जास्त आठवण येते. मुलगा अज्ञान होता. किल्ली देणारे सज्ञान होते.

आपल्या ताम्हिणीच्या रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी काय चालते ते सांगावयास नको. धबधबे पाहावयास आलेल्या गाड्यांवर मिसरूडही न फुटलेली मुले तिघे-तिघे बसलेली असतात. ती पुण्याची असतात असे आपण म्हणतो. सगळीच नसतात. सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभ्या राहून पाहा, निम्मी तोंडे आपल्या ओळखीची निघतील.

नातवाला मी हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. थोडे थोडे सांगितले. आजीच्या लग्नाचे त्याला फार नवल वाटले. मांडवात झोपली, हे त्याला खरेच वाटेना. दाखल्याची हकीकतही सांगितली. ती ऐकून तो गप्प बसला, मग त्याने विचारले, “मग माझी तारीख खरी आहे ना?” खरी आहे. पुण्याच्या दवाखान्यातला दाखला आहे, मी स्वतः आणला होता. तो जपून कपाटात ठेवला आहे आणि स्कूटरची किल्लीही आता त्याच कपाटात असते. अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षे चार महिने आहेत. तोवर पौडला जायला एस.टी. आहे. ती उशिरा येते, ही त्याची तक्रार मला मान्य आहे.